तोब्रुक घेतल्यावर रोमेलने थांबायला हवं होतं का?

रणवाटा
२१ जून १९४२ च्या सकाळी लिबियातलं ब्रिटिशांकडचं तोब्रुक बंदर पडलं. दुसऱ्याच दिवशी हिटलरने उत्तर आफ्रिकेतला आपला सेनानी एर्विन रोमेल याला फील्ड मार्शल केलं. तेव्हा तो पन्नास वर्षांचा होता. हिटलर आणि मुसोलिनी यांच्यात आधी ठरलं होतं ते असं: तोब्रुक हाती आलं की रोमेलने इजिप्तच्या सरहद्दीवर थांबायचं, विमानदळ ब्रिटिशांच्या ताब्यातल्या माल्टाकडे वळवायचं आणि आधी ते बेट घ्यायचं. त्या मोहिमेचं नाव होतं हेर्क्युलिस. रोमेलने थेट हिटलरकडे परवानगी मागितली, हिटलरने मुसोलिनीला पटवलं, आणि माल्टा बाजूला पडलं. ३० जूनला जर्मन रणगाडे एल अलामेनसमोर होते, चार महिन्यांनी तिथूनच माघार सुरू झाली.

माझं मत स्पष्ट आहे. रोमेलची सगळी कारकीर्द या एका निर्णयात दिसते. डिव्हिजन चालवणारा असा सेनानी त्या युद्धात क्वचितच दुसरा होता, पण पिछाडीच्या रसदीचा हिशोब त्याने कायम दुसऱ्यांवर टाकला. तुम्हाला काय वाटतं? आकडे, नकाशे, तारखांसकट लिहा.

गणिती
हिशोबच मांडू. त्रिपोली ते अलामेन अंतर रस्त्याने सुमारे २,२०० किलोमीटर. तीन टनी ट्रक धरा. खराब रस्ता, वाळू, उष्णता लक्षात घेता शंभर किलोमीटरला ३५ लिटर हे माझं गृहीत. जाऊन-येऊन ४,४०० किलोमीटर म्हणजे १,५४० लिटर, वजनात साधारण १.१ टन. तीन टन पेट्रोल घेऊन निघालेल्या ट्रकने एक तृतीयांशाहून जास्त स्वतःच पिऊन टाकलं. अभ्यासकांचे अंदाजही असेच आहेत: आफ्रिकेत उतरलेल्या इंधनापैकी ३० ते ५० टक्के बंदर ते आघाडी या वाटेतच संपत असे.

पुढची बंदरं वापरावीत तर बेनगाझीची क्षमता कागदावर दिवसाला २,७०० टन, पण ब्रिटिश बॉम्बफेकीमुळे प्रत्यक्षात सातशेच्या आसपास. तोब्रुक कागदावर १,५०० टन, प्रत्यक्षात सहाशेच्या वर क्वचितच. आणि एका मोटरस्वार डिव्हिजनला पाण्यासकट रोज साधारण ३५० टन लागतात. तोब्रुकच्या प्रत्यक्षातल्या सहाशे टनांवर दोन डिव्हिजनसुद्धा जेमतेम जगतात. जर्मन, इटालियन मिळून डिव्हिजन किती होत्या ते मोजा, म्हणजे घोडं कुठे पेंड खातं ते कळेल.

वाळूघड्याळ
गणितीराव, हिशोब बरोबर आहे, पण तो एकाच बाजूचा आहे. रोमेल सरहद्दीवर थांबला असता तर समोरचे थांबले असते का? तोब्रुक पडल्याची बातमी चर्चिलला वॉशिंग्टनमध्ये मिळाली आणि रूझवेल्टने तिथल्या तिथे ३०० शेर्मन रणगाडे आणि १०० स्वयंचलित तोफा देऊ केल्या. त्या सप्टेंबरपर्यंत इजिप्तमध्ये पोचल्या. म्हणजे वेळ ब्रिटिशांच्या बाजूने होता. जूनअखेर ब्रिटिशांची आठवी आर्मी विस्कळीत होती, मेर्सा मत्रूहलाही ती नीट उभी राहू शकली नाही. तिला मोडायची तीच एक संधी होती. शिवाय तोब्रुकमध्ये सुमारे दोन हजार गाड्या, पेट्रोलचे साठे आणि हजारो टन अन्न आयतं मिळालं होतं. रोमेलच्या वाहतुकीतले बहुतेक ट्रक तोवर ब्रिटिश बनावटीचेच होते.

तेलवात
पकडलेले ट्रक ही मदत तशी डोकेदुखीही. फोर्ड, शेवरोले, बेडफर्ड, त्यात जर्मन ओपेल आणि इटालियन फियाट-लान्सिया. प्रत्येकाचे गाळणीपासून स्प्रिंगपर्यंत सुटे भाग वेगळे, आणि पकडलेल्या गाडीचे भाग कारखान्यातून येत नाहीत. एक गाडी उभी राहिली की दुसरी खोलून तिचे भाग लावायचे. दोन-तीन महिन्यांत ताफा निम्मा.

एका गोष्टीत मात्र जर्मन पुढे होते: वीस लिटरचा दाबीव पत्र्याचा डबा, ज्याला ब्रिटिशांनी जेरीकॅन नाव दिलं. त्याला तीन मुठी, त्यामुळे एक माणूस हातात दोन-दोन रिकामे डबे धरू शकतो आणि भरलेला डबा दोघांत उचलता येतो. झाकण खटक्याचं, वर हवेची पोकळी ठेवलेली, त्यामुळे उन्हात पेट्रोल फुगलं तरी डबा फाटत नाही. ब्रिटिशांचे चार गॅलनचे पातळ डबे ट्रकच्या हादऱ्यांनी जोडावर उसवत आणि आघाडीवर पोचेपर्यंत बरंच पेट्रोल गळून जाई. ब्रिटिशांनी सापडतील तितके जर्मन डबे वापरले आणि पुढे त्याचीच नक्कल केली.

बंदरवाला
माल्टा घेतलं असतं तर सगळं सुटलं असतं, असं धरून चालू नका. संपूर्ण मोहिमेत लिबियाला निघालेल्या मालापैकी साधारण १५ टक्केच समुद्रात बुडाला. गळा आवळला जात होता तो बंदरात आणि रस्त्यावर. माल्टा पडून हे १५ टक्के वाचले असते तरी २,२०० किलोमीटरचा रस्ता तसाच राहिला असता.

पण सरासरीत एक गोष्ट लपते. नेमक्या निकडीच्या वेळी नेमकं इंधनच बुडायचं. ब्रिटिशांना सांकेतिक संदेश उलगडून कुठल्या जहाजात काय आहे ते कळत होतं. अलामेनची मोठी लढाई ऐन रंगात असताना २६ ऑक्टोबरला प्रोसेर्पिना हे तेलवाहू जहाज तोब्रुकच्या तोंडाशी बुडवलं गेलं, दोनच दिवसांनी लुइझियानो. तेव्हा टक्केवारी पाहताना मालाचा प्रकारही पाहावा.

रणवाटा
@बंदरवाला, हे महत्त्वाचं. म्हणजे तुमच्या मते प्रश्न 'माल्टा की इजिप्त' असा नाहीच, 'कुठपर्यंत जाता येतं' असा आहे?

बंदरवाला
हो. रेल्वे नसलेल्या वाळवंटात सैन्याला एक ठरावीक हद्द असते. बेनगाझीपासून साधारण सरहद्दीपर्यंत ती होती. त्यापलीकडचं सगळं उधारीवर. ब्रिटिशांच्या मागे मात्र अलेक्झांड्रिया शंभर किलोमीटरवर आणि तिथून आघाडीपर्यंत रेल्वे.

बेळगावकर
तोब्रुकची गोष्ट निघाली आहे तर मराठी वाचकांसाठी एक भाग लिहायलाच हवा. २० जूनचा मुख्य घाव पडला तो २/५ मराठा लाइट इन्फंट्रीवर, म्हणजे ५व्या मराठा रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीवर.

तोब्रुकचा परीघ साधारण ५० किलोमीटर. आग्नेय बाजू ११व्या भारतीय ब्रिगेडकडे होती: कॅमेरॉन हायलँडर्स, २/५ मराठा आणि २/७ गुरखा रायफल्स. हीच मराठा पलटण जून १९४१ मध्ये सरहद्दीवरच्या हाल्फाया खिंडीच्या पायथ्यावरून वर चढाई करत होती आणि त्या डिसेंबरात बीर एल गुबीला लढली होती. म्हणजे रोमेलच्या सैन्याशी तिचा सामना पहिला नव्हता.

कुठे काय बिघडलं ते क्रमाने सांगतो. इटालियनांनी बांधलेला रणगाडाविरोधी खंदक त्या बाजूला वाळूने भरत आला होता. परिघातले बरेच सुरुंग उपसून तोब्रुकच्या पश्चिमेकडच्या गझालाच्या फळीसाठी नेले होते. पलटणीकडे रणगाडाविरोधी तोफा थोड्या, आणि त्याही बहुतेक दोन पौंडी. पहाटे साडेपाचच्या सुमारास श्टूका विमानांनी एका अरुंद पट्ट्यावर आळीपाळीने बॉम्ब टाकले, बऱ्याच ठिकाणी त्याने सुरुंगच फुटले. धूर असतानाच जर्मन इंजिनिअर तुकड्यांनी खंदकावर पूल टाकले. साडेआठच्या आसपास रणगाडे आत. राखीव रणगाड्यांनी लगेच उलट हल्ला केला असता तर फट बुजली असती, पण ते उशिरा आणि तुकड्या-तुकड्यांनी आले. संध्याकाळी जर्मन बंदरात. दुसऱ्या दिवशी सकाळी तोब्रुकचा सेनापती जनरल क्लॉपरने शरणागती पत्करली, सुमारे ३३,००० कैद. आमच्या पलटणीची जवळजवळ सगळी माणसं त्यात गेली.

'तोब्रुक एका दिवसात पडलं' असं वाचताना त्या पट्ट्यावर कोण होतं आणि त्यांच्या हातात काय होतं, हे लक्षात ठेवावं, एवढीच विनंती.

तोफखाना
बेळगावकर, उत्तम लिहिलंत. एक भर. हा आराखडा नवा नव्हता. नोव्हेंबर १९४१ मध्ये रोमेल याच बाजूने तोब्रुकवर पडणार होता, पण ब्रिटिशांच्या क्रुसेडर मोहिमेने ते उधळलं. त्या वेळी पुढे रचलेले तोफगोळ्यांचे साठे जून १९४२ मध्ये जागच्या जागी सापडले. म्हणून इतक्या घाईत इतका मारा करता आला.

कोयना१८
यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो रोमेलविरुद्धच्या लढाईत का?

बेळगावकर
नाही. नाईक यशवंत घाडगे ३/५ मराठाचे. १० जुलै १९४४, इटलीत तिबर नदीचं वरचं खोरं. शिपाई नामदेव जाधव १/५ मराठाचे. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. दोन्ही वेळी तिथल्या जर्मन सैन्याशी रोमेलचा संबंध नव्हता. तो १९४३ च्या शरद ऋतूत उत्तर इटलीत होता, पण त्याचं म्हणणं असं की दक्षिण सोडून उत्तरेकडच्या अपेनाइन डोंगरांत उभं राहावं. दक्षिणेतला जर्मन सरसेनापती केसेलरिंग म्हणाला, रोमच्या दक्षिणेलाच रोखता येईल. नोव्हेंबरात हिटलरने केसेलरिंगला निवडलं, रोमेलला फ्रान्सकडे पाठवलं. इटलीत मित्रराष्ट्रांना दीड वर्ष झिजवलं ते केसेलरिंगने.

वाळूघड्याळ
याच केसेलरिंगला ब्रिटिश 'हसरा अल्बर्ट' म्हणत. रोमेलशी पत्रव्यवहार करूनही माणूस हसतमुख राहिला हीच मोठी कामगिरी. :)

तोफखाना
आता रोमेलच्या लढाईच्या पद्धतीबद्दल. ८८ मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफेचं नाव सगळे घेतात, पण ती वापरायची कशी हे कुणी सांगत नाही.

ही तोफ उंच. उघड्यावर ठेवली तर मैलावरून दिसते. म्हणून हाल्फायाला ती जमिनीत खोल पुरली, नळी वाळूच्या पातळीला आणली. मॅटिल्डा रणगाड्याचं पुढचं चिलखत ७८ मिलिमीटर. नेहमीच्या ३७ मिलिमीटर तोफेचे गोळे त्यावरून घसरत, ८८ चा गोळा लांबूनच आरपार जाई. दुसरी चाल आमिषाची: जर्मन रणगाडे पुढे येतात, दोन गोळे टाकतात, मागे वळतात. ब्रिटिश रणगाडे घोडदळासारखे पाठलाग करतात आणि थेट तोफांच्या रांगेवर येतात. ब्रिटिश रणगाड्यांच्या दोन पौंडी तोफेला स्फोटक गोळाच नव्हता, फक्त ठोस लोखंडी. त्यामुळे तोफेमागच्या माणसांना ते लांबून इजा करू शकत नसत. १५ ते १७ जून १९४१ च्या लढाईत मोजक्याच ८८ तोफांनी हे केलं.

याची सुरुवात फ्रान्समधली. २१ मे १९४० ला आरासजवळ ब्रिटिश मॅटिल्डा त्याच्या ७व्या पॅन्झर डिव्हिजनवर आल्या, तेव्हा रोमेल स्वतः तोफांमागे जाऊन लक्ष्यं नेमून देत होता. त्याची ताकद हीच, आणि दुबळेपणाही हाच. सेनापती पुढे असला की हुकूम तत्काळ सुटतात, पण मुख्यालयाला तो सापडत नाही. नोव्हेंबर १९४१ मध्ये तो सरहद्दीवरच्या तारेच्या कुंपणाकडे धावला, तेव्हा त्याच्या मुख्यालयाचा त्याच्याशी संपर्क तुटला आणि तोब्रुकभोवतीचे निर्णय त्याच्यावाचून घ्यावे लागले.

गणिती
आणि हा स्वभाव जुना. फेब्रुवारी १९४१ मध्ये त्रिपोलीला उतरला तेव्हा हुकूम होता की १५वी पॅन्झर डिव्हिजन येईपर्यंत मोठी चढाई नको. २४ मार्चला एल अघेला घेतलं आणि सुटला. एप्रिलअखेर जर्मन जनरल स्टाफचा प्रमुख हाल्डरने पाउलुसला मुद्दाम पाहणीला पाठवलं. हो, तोच पाउलुस, पुढे स्टालिनग्राडचा. त्याचा अहवाल साधारण हाच होता: तोब्रुक पडत नाही, रसद पुरत नाही, थांबा.

कानोसा
एक बाजू अजून आली नाही, हेरगिरीची. १९४२ च्या पहिल्या सहामाहीत रोमेलला ब्रिटिशांचे बेत आयते वाचायला मिळत. कैरोतला अमेरिकन लष्करी प्रतिनिधी बॉनर फेलर्स वॉशिंग्टनला सविस्तर तारा पाठवी: किती रणगाडे चालू, कुठली ब्रिगेड कुठे. त्या तारांची गुप्त लिपी इटालियनांनी चोरली होती आणि जर्मनही वाचत होते. जूनच्या शेवटी हा झरा आटला. १० जुलैला तेल एल ईसाजवळ ऑस्ट्रेलियन सैन्याने रोमेलची आघाडीवरची रेडिओ ऐकणारी ६२१ वी तुकडी पकडली, तिचा प्रमुख झेबोम जखमी होऊन वारला. दोन आठवड्यांत दोन्ही कान गेले.

जुलैनंतरचा रोमेल पहिल्यासारखा का वाटत नाही, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

रणवाटा
कानोसा, हे धाग्यातलं सर्वांत मोलाचं वाटलं. इजिप्तमध्ये शिरायचा निर्णय त्याने घेतला तो झरा चालू असताना, आणि लढाई आली तेव्हा तो बंद होता.

शाईदौत
वारशाबद्दल बोलू. 'स्वच्छ हातांचा, हिटलरविरोधी सेनानी' ही प्रतिमा तिघांनी घडवली.

पहिले, नाझी प्रचारखातं. फ्रान्समध्ये गोबेल्सच्या खात्यातला कार्ल हांके त्याच्या डिव्हिजनमध्ये होता, आफ्रिकेत त्याच खात्याचा बेर्न्ट. रोमेलला कॅमेरा आवडत असे आणि कॅमेऱ्याला रोमेल. दुसरे, ब्रिटिश. २७ जानेवारी १९४२ ला चर्चिलने संसदेत त्याची स्तुती केली. समोरचा महान ठरला की आपला पराभव कमी बोचतो. त्याच सुमारास मध्यपूर्वेतला ब्रिटिश सरसेनापती ऑकिनलेक याला आपल्या अधिकाऱ्यांना बजावावं लागलं की रोमेलला जादूगार समजणं बंद करा. युद्धानंतर १९५० साली त्याचं गाजलेलं चरित्र लिहिणारा डेझमंड यंग हा भारतीय सैन्यातला ब्रिगेडियर, १९४२ च्या उन्हाळ्यात वाळवंटात कैद झालेला. तिसरे, पश्चिम जर्मनी. नव्या सैन्याला एक तरी निष्कलंक नाव हवं होतं. रोमेलचा फ्रान्समधला चीफ ऑफ स्टाफ हान्स श्पायडेल १९५७ मध्ये नाटोच्या मध्य युरोपातल्या भूदलाचा प्रमुख झाला. १९७० मध्ये सेवेत आलेल्या एका विनाशिकेला रोमेलचं नाव दिलं, आउगुस्टडोर्फच्या छावणीलाही त्याचंच.

वाळूघड्याळ
शाईदौत, पण पकडलेल्या कमांडोंना ठार मारण्याचा हिटलरचा हुकूम त्याने आफ्रिकेत पाळला नाही हे खरं आहे ना? नाझी पक्षाचा सदस्यही तो नव्हता. १४ ऑक्टोबर १९४४ ला बुर्गडोर्फ आणि मायझेल हे दोन जनरल घरी येऊन विष देऊन गेले, हेही खरं.

शाईदौत
सगळं खरं. पण पुढचंही खरं आहे. जुलै १९४२ मध्ये एसएसच्या वाल्टर राउफच्या हाताखाली एक पथक अथेन्समध्ये तयार ठेवलं होतं, इजिप्त आणि पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंसाठी. रोमेल अलामेनला अडला म्हणून ते तिथे पोचलं नाही. तेच पथक पुढे ट्युनिशियात गेलं आणि तिथे हजारो ज्यूंना सक्तीच्या मजुरीला जुंपलं. रोमेलने हे हुकूम दिले नाहीत. पण त्याच्या विजयाचा अर्थ काय झाला असता हे यातून कळतं. आणि हिटलरविरुद्धच्या २० जुलै १९४४ च्या कटात त्याचा हात किती, यावर इतिहासकार अजून भांडताहेत. हिटलरला ठार मारण्याच्या तो बाजूने होता असा खात्रीचा पुरावा नाही.

धाग्याचा प्रश्न 'थांबायला हवं होतं का' असा आहे. तो विचारताना कैरोत त्या आठवड्यात कोण घाबरून सामान बांधत होतं, हेही डोळ्यांसमोर असावं.

सुरुंगपेर
वारसा म्हणजे पुतळेच नव्हेत. अलामेनसमोर जर्मन-इटालियन सैन्याने पाच लाखांच्या आसपास सुरुंग पेरले. बहुतेक रणगाडाविरोधी, ताटासारखे चपटे, माणूस वरून चालला तर सहसा फुटत नाहीत. त्यांत मधूनमधून माणसांसाठीचे उडणारे सुरुंग, म्हणजे काढायला येणारा इंजिनिअरच मरावा. काढायची रीत: पोटावर रांगत संगीन तिरपी खुपसत जायचं, सरळ खाली नाही, कारण दाब वरून पडला की फुटतो. लागलं की हाताने वाळू बाजूला, खाली दुसरा जोडलेला नाही ना ते पाहायचं, मग पांढऱ्या फितीने वाट आखायची. पोलिश अधिकारी कोसात्स्कीने तयार केलेलं शोधयंत्र अलामेनला सुमारे ५०० नगांत आलं, त्याने वेग वाढला. तोफमारा चालू असताना मात्र ऐकू काहीच येत नाही, मग पुन्हा संगीन.

दोन्ही बाजूंचे लाखो सुरुंग आणि न फुटलेले गोळे इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात युद्धानंतरही राहिले. वाळू सरकते, नकाशे हरवले, बेदूइन गुराखी पाय गमावत राहिले. हायडेनहाइम या रोमेलच्या जन्मगावी १९६१ मध्ये उभारलेल्या स्मारकापुढे २०२० मध्ये सुरुंगाने पांगळा झालेल्या माणसाची आकृती बसवली, ती याचसाठी.

आगगाडी
धाग्यात एक दुवा राहिला. आफ्रिकेत पकडलेल्या भारतीय कैद्यांतूनच जर्मनीत नेताजींची आझाद हिंद लीजन उभी राहिली, जर्मन सैन्यातली ९५० वी पायदळ रेजिमेंट. १९४४ च्या फेब्रुवारीत ती बोर्डोजवळ लाकानोला अटलांटिक किनाऱ्यावर होती आणि रोमेलने तिथे तिची पाहणी केली. त्याची छायाचित्रं उपलब्ध आहेत.

बेळगावकर
आणि बाकीचे हजारो कैदी त्यात गेले नाहीत, ते छावण्यांतच राहिले, हेही लिहायला हवं. बीर हकीमजवळ २७ मे १९४२ ला ३री भारतीय मोटर ब्रिगेड इटालियन आरिएते डिव्हिजनने चिरडली, तिथे पकडले गेलेले कुमारमंगलम पुढे भारताचे लष्करप्रमुख झाले.

गणिती
नॉर्मंडीवर कुणी लिहिलं नाही. थोडक्यात: रणगाडे किनाऱ्याजवळ ठेवावेत असं रोमेलचं म्हणणं, फ्रान्समधल्या रणगाडादलाचा सेनापती गायर फॉन श्वेपेनबुर्गचं म्हणणं मागे एकत्र ठेवावेत. हिटलरने मधला मार्ग काढला आणि दोघांचंही बिघडवलं. रोमेलचं कारण आफ्रिकेतलंच होतं: शत्रूची विमानं डोक्यावर असताना रणगाडे दिवसा हलत नाहीत. ६ जून १९४४ ला, मित्रराष्ट्रं उतरली तेव्हा, तो स्वतः घरी, पत्नीचा वाढदिवस. १७ जुलैला विमानांनीच त्याची गाडी टिपली.

तोफखाना
मूळ प्रश्नाकडे येतो. निकाल १ जुलै १९४२ ला लागला, आणि तो अलामेनजवळच्या देर एल शीनला. १८वी भारतीय ब्रिगेड इराकहून घाईने आणलेली. सुरुंग पुरेसे नाहीत, खडकाळ जमिनीत खणता येत नाही. रोमेलच्या आराखड्यात ही जागाच नव्हती. त्या ब्रिगेडने दिवसभर आफ्रिका कोरला, म्हणजे रोमेलच्या जर्मन रणगाडादलाला, धरून ठेवलं. संध्याकाळी ती मोडली, पण जर्मनांच्या उरलेल्या पंचावन्न रणगाड्यांपैकी अठरा गेले आणि एक अख्खा दिवस गेला. त्या दिवसात ऑकिनलेकची फळी मागे उभी राहिली.

वाळूघड्याळ
म्हणजे शंभर रणगाडे असते तर गेला असता.

तोफखाना
शंभर रणगाड्यांना पेट्रोल कुठून आणलं असतं? गणितीरावांचा पहिला प्रतिसाद पुन्हा वाचा. २६ जूनला सिदी बर्रानीच्या बैठकीत केसेलरिंगने हेच सांगितलं होतं: विमानतळ मागे राहिले, वैमानिक थकले, पुढे ब्रिटिशांचे तळ ताजे. रोमेल म्हणाला दहा दिवसांत नाईलवर.

वाळूघड्याळ
तरीही माझं मत कायम. सरहद्दीवर थांबला असता तर ऑक्टोबरात माँटगोमेरी तिथे आला असता, त्याच शेर्मन घेऊन.

बंदरवाला
आला असता. पण तेव्हा अलेक्झांड्रियापासूनचे पाचशे किलोमीटर माँटगोमेरीच्या पिछाडीला असते आणि रोमेलच्या मागे बेनगाझी निम्म्या अंतरावर. शिवाय सरहद्दीला दक्षिणेची बगल उघडी, तिथे रोमेलचं फिरतं युद्ध चालतं. अलामेनला समुद्र ते कत्तारा खळगा फक्त साठ किलोमीटर, बगल मारायला जागाच नाही. ज्या लढाईत तो सर्वांत कच्चा, तीच लढाई लढायला तो स्वतः चालत गेला.